प्रेमकथा वाचल्याने किशोरवयीन मुली बिघडतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नववीत शिकणारी तुमची मुलगी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर प्रेमकथांचे भाग वाचत बसते, तिच्या मैत्रिणीही तेच वाचतात, अशा कथांनी पोरी बिघडतात असे गावातली चार माणसे तुम्हाला ऐकवू लागली आहेत, आणि हे वाचन बंद करावे की चालू द्यावे याचा निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत आमच्या मुलींच्या घोळक्यात याच कथा चालतात आणि त्यांनी सांगितलेल्या पुष्कळशा कथा मी स्वतः वाचल्या आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, कथेतल्या प्रेमाने मुलगी बिघडत नाही, पण यांतल्या काही कथा तिला प्रेमाविषयी एक घातक गोष्ट शिकवतात. ती गोष्ट पालकांना सहसा दिसत नाही, कारण ते दुसरेच काहीतरी शोधत असतात.

पालक मुलीचा मोबाइल हातात घेतात तेव्हा कथेत चुंबन आहे का, लगट आहे का, एवढेच पाहतात. ते नसेल तर कथा सोज्वळ ठरते. या कसोटीचा अपुरेपणा अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ या प्रेमकादंबऱ्यांच्या मालिकेत चांगला दिसतो, म्हणून तिचे उदाहरण देते. पहिले पुस्तक २००५ साली आले आणि जगभरच्या किशोरवयीन मुलींनी ते डोक्यावर घेतले. आपल्या पालकांच्या कसोटीवर ही मालिका सहज उतरेल, कारण लग्न झाल्याशिवाय शरीरसंबंध नको असा आग्रह त्यातला नायकच धरतो. पण हाच नायक पहिल्या पुस्तकात नायिकेला कळू न देता रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिला पाहत राहतो. २००७ सालच्या तिसऱ्या पुस्तकात तर तिने दुसऱ्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला भागच काढून ठेवतो. हे सारे काळजीपोटी, तिच्यावरच्या अपार प्रेमापोटी केलेले म्हणून कथेत येते. चुंबन शोधणाऱ्या वडिलांच्या हाती त्या पानावर काहीच लागणार नाही, आणि मुलगी मात्र एवढे शिकून उठेल की, जो आपल्याला अडवतो त्याचे आपल्यावर खरे प्रेम असते.

आपल्या मुली मराठीत वाचतात त्या कथांचे वातावरण वेगळे असले तरी हा धागा तिथेही सापडतो. २०१४ साली बेंगळुरूमध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या, मोबाइलवर कथा लिहिता-वाचता येणाऱ्या मंचांमुळे मराठीत भागाभागांनी लिहिणारे असंख्य लेखक तयार झाले. त्यांत लहान गावांतल्या, घरकाम आटोपून लिहायला बसणाऱ्या अनेक स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या लिहिण्याचे मला मनापासून कौतुक वाटते. सासर-माहेर, नोकरी, हुंडा, दुसरे लग्न यांविषयी त्या ज्या मोकळेपणाने लिहितात तो मोकळेपणा आमच्या पाठ्यपुस्तकात मला क्वचितच दिसतो. परंतु भागाभागाने चालणाऱ्या कथेची स्वतःची एक गरज असते. प्रत्येक भाग अशा ठिकाणी थांबावा लागतो की वाचकाने पुढचा भाग उघडलाच पाहिजे, आणि त्यासाठी नायक-नायिकेमध्ये ताण सतत वाढता ठेवावा लागतो. हा ताण निर्माण करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नायकाला गर्विष्ठ, संतापी आणि संशयी करणे. म्हणून करोडपती मालक आणि त्याच्याकडे कामाला लागलेली गरीब मुलगी, करारापुरते किंवा जबरदस्तीने झालेले लग्न, सगळ्या शहराला धाकात ठेवणारा पण एकटीसमोर हळवा होणारा गुंड, अशी पात्रे पुन्हा पुन्हा येतात. त्याने हात पिरगाळला, दार बंद केले, मोबाइल तपासला, तरी पंचविसाव्या भागात त्याच्या बालपणीचे दुःख कळते आणि सगळे माफ होते. अपमान सोसत राहिले तर माणूस बदलतो, ही शिकवण मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण आपल्याकडे सासरी त्रास असलेल्या मुलीला माहेरची माणसेही नेमके हेच सांगून परत पाठवतात.

मुली हे सगळे मुकाट्याने गिळतात असे मात्र समजू नका. एकदा दहावीच्या वर्गात मी अशाच एका कथेतला प्रसंग, नाव न सांगता, मोठ्याने वाचून दाखवला. नायिका कॉलेजच्या कार्यक्रमात एका वर्गमित्राशी बोलते, नायक सर्वांसमोर तिचा दंड धरून तिला ओढत बाहेर नेतो, आणि पुढच्याच परिच्छेदात तिला त्याच्या डोळ्यांत प्रेम दिसते. आधी मुली लाजून हसल्या. मग मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तो तिले एवढा तरास देते, मंग ते त्याच्याच संग लगन कावून करते?” यावर वर्गात जी चर्चा झाली ती मी घडवून आणू म्हटले असते तर घडली नसती. एक म्हणाली की तो श्रीमंत आहे म्हणून. दुसरी म्हणाली की तिला जायला दुसरी जागाच नाही. तिसरीने सांगितले की तिच्या मामेबहिणीचा नवरा असेच करतो आणि घरात त्याला कोणी प्रेम म्हणत नाही. जे पान एकटीने रात्री पांघरुणात वाचताना मोहक वाटले होते, तेच चारचौघींत वाचल्यावर त्यांना खटकू लागले. पान तेच होते, फरक फक्त त्यावर बोलता येण्याचा होता.

ही भीती काही आजची नाही. कादंबऱ्या वाचून तरुण पिढी बिघडेल ही ओरड मराठीत फार जुनी आहे आणि एकदा ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेली चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा अश्लील ठरवून खटला भरला गेला होता, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. एखाद्या वेगळ्याच मनोवृत्तीच्या वाचकावर काय परिणाम होईल हे न पाहता, ज्या वर्गाच्या हाती ते लेखन पडते त्या वर्गाचा विचार करावा, असे त्या निकालात म्हटले आहे. पुढे १९८५ साली समरेश बसू यांच्या बंगाली कादंबरीवरच्या खटल्यात याच न्यायालयाने अशा आशयाचे मत मांडले की, लैंगिकतेचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरवयीनांना अयोग्य ठरवली, तर त्यांना वाचायला केवळ धार्मिक पुस्तकेच उरतील. गावातल्या ज्या चार माणसांनी तुम्हाला ऐकवले, त्यांना हे सांगायला हरकत नाही.

आता मोबाइल काढून घेण्याविषयी. शहरात मोबाइल काढून घेतला तर मुलगी दोन दिवस रुसते. आपल्याकडे ही गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. सातवी-आठवीनंतर आमच्या भागातल्या कितीतरी मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर एसटीने दुसऱ्या गावी किंवा तालुक्याला शिकायला जातात. मुलीच्या वाचनावर संशय आला की पाठोपाठ तिच्या बसवर, मैत्रिणींवर आणि उशिरा सुटणाऱ्या तासांवरही संशय येतो. कापूस वेचणीचा हंगाम असला की “आता राहू दे शाळा” हे वाक्य घरात फार सहज उच्चारले जाते, आणि त्यानंतरचा विषय स्थळ पाहण्याचा असतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. कथा वाचून मुलगी पळून जाईल या भीतीने तिचे सोळाव्या वर्षी लग्न लावून देणाऱ्या घराने तिचे जेवढे नुकसान केलेले असते, तेवढे कोणत्याही कथेने केलेले मी पाहिलेले नाही.

तुम्ही फक्त मुलीविषयी विचारले आहे. घरात मुलगा असेल तर त्याच्याविषयीही विचारा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलगे या कथा फारशा वाचत नाहीत, पण नकार म्हणजे आणखी मागे लागण्याचे निमंत्रण, हा धडा त्यांना चित्रपटांतून, रील्समधून आणि बसस्थानकावरच्या थोरल्या पोरांकडून मिळतच असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे, महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले. आठवडाभर झुंज देऊन ती नागपूरच्या रुग्णालयात मरण पावली, आणि २०२२ साली न्यायालयाने त्या माणसाला जन्मठेप सुनावली. त्या घटनेचा कोणत्याही पुस्तकाशी संबंध जोडणे चुकीचे ठरेल, आणि मी तो जोडत नाही. एवढेच म्हणते की, “ती माझी आहे” ही भावना आपल्या मातीत कथांच्या आधीपासून आहे. कथा तिला फार तर सुंदर कपडे घालते.

म्हणून मुलीला आणि मुलालाही कायदा माहीत असावा. एखाद्या स्त्रीने नकार दिल्यावरही तिच्या मागे फिरणे, किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरी बाजूही तिला माहीत हवी: मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीची शरीरसंबंधाला असलेली संमती कायदा मानत नाही, त्यामुळे कथेत सतरा वर्षांची नायिका घर सोडते तेव्हा पुढच्या भागात प्रेम असते, पण प्रत्यक्षात पोलीस ठाणे, वैद्यकीय तपासणी आणि कदाचित त्या मुलाची कोठडी असते. हे धाक घालण्याच्या सुरात सांगू नका. आमच्या मुली हे ऐकून घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न फार शहाणे असतात.

मुली या कथांकडे का वळतात, हेही समजून घ्यायला हवे. शरीरात आणि मनात काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. २००७ साली शाळांमध्ये किशोरवयीनांना शरीर आणि लैंगिकतेविषयी शिक्षण देण्याचा उपक्रम आला, तेव्हा त्याला विरोध करून तो थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. घरात आई बोलत नाही, शाळेत तो धडा घाईने उरकला जातो, मग जिथे कोणीतरी त्यांच्या मनातले बोलते तिथे त्या जातात. कथेतल्या मुलीला कोणीतरी विचारते की तुला काय हवे आहे. पहाटे उठून पाणी भरून, धाकट्या भावाचा डबा करून शाळेत येणाऱ्या मुलीला हा प्रश्न दुसरे कोण विचारते? या ओढीला मी वाईट म्हणणार नाही.

तेव्हा वाचन बंद करू नका. रात्रीची वेळ मात्र ठरवा, कारण झोप बुडते आणि पहिल्या तासाला मुली पेंगतात. त्यात चर्चेसारखे काही नाही, सांगावे आणि पाळून घ्यावे. त्यानंतर तिला सध्याची कथा कोणती ते विचारा आणि तिचे दोन-तीन भाग स्वतः वाचा. घरी वाचता न येणारी आजी असेल तर मुलीनेच तिला वाचून दाखवावेत, आजीची मते ऐकण्यासारखी असतात. “हा नायक तुझ्या ताईसाठी स्थळ म्हणून आला तर आपण होकार द्यायचा का?” एवढा एक प्रश्न विचारून पाहा. माझ्या अनुभवात मुली या प्रश्नावर फार प्रामाणिक उत्तरे देतात, आणि पुढच्या कथेच्या वेळी तो प्रश्न स्वतःच स्वतःला विचारू लागतात. गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल तर तिला तिथेही न्या, म्हणजे नायक-नायिकांचे आणखी प्रकार असतात हे तिला कळेल.

एक धोका मात्र कथेबाहेरचा आहे आणि त्याविषयी जागरूक राहा. कथेखाली प्रतिक्रिया लिहिणाऱ्या मुलींना अनोळखी माणसे खासगी संदेश पाठवतात, कथेतल्या नायकासारखे गोड बोलतात, मग इन्स्टाग्रामवर येण्याचा आग्रह करतात आणि पुढे फोटो मागतात. तिला आजच सांगून ठेवा की असे काही झाले तर संदेश पुसायचे नाहीत, उत्तर द्यायचे नाही आणि तुम्हाला दाखवायचे, आणि दाखवल्याबद्दल तिचा मोबाइल जाणार नाही. हे शेवटचे आश्वासन तुम्ही पाळाल अशी तिची खात्री नसेल, तर ती कधीच सांगणार नाही. प्रकरण पुढे गेलेले असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तिने किंवा तुम्ही फोन करावा. ती सांगायला येईल तेव्हा तुमचा पहिला प्रश्न “तू त्याला उत्तर का दिलेस?” हा नसावा, आधी तिचे सगळे सांगून होऊ द्या.