पास्ता वेगळा उकड

इटालियन सॉसेज आणि पास्त्याचं सूप पहिल्यांदाच करते आहेस, तर पास्ता सूपमध्ये शिजवू नकोस. वेंगुर्ल्याला मी पहिल्यांदा केलं तेव्हा तासाभरात पास्त्याने सगळा रस पिऊन टाकला, पातेल्यात लगदा उरला. वेगळा उकडायचा, थोडा कणीदार असतानाच निथळायचा आणि वाढताना वाडग्यात घालायचा.

इटालियन सॉसेजची ओळख म्हणजे बडीशेप. आपल्याकडे सहज मिळतं ते गोव्याचं चोरीस. त्यात व्हिनेगर आणि लाल मिरची, चव अगदी निराळी. तेच वापरलंस तर मीठ शेवटी चाखूनच घाल. मला विचारशील तर पोर्कचा खिमा आण. पाव किलोला चमचाभर भरडलेली बडीशेप, चार पाकळ्या लसूण, मिरी आणि मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव.

जाड बुडाच्या पातेल्यात खिमा परतताना सारखा हलवू नकोस. बुडाला तपकिरी खरपुडी धरू दे, मग कांदा घाल, पाण्याचा हबका मार आणि ती उलथन्याने खरवडून घे. खरी चव तिथेच असते! पुढे टोमॅटो, गाजर, शिजवलेला राजमा, लिटरभर पाणी, मंद आचेवर अर्धा तास. पालक अगदी शेवटी. पावसाची झड लागली असेल तर सोबत बेकरीतला कडक पाव हवाच.