मेलला उत्तर का येत नाही?

प्रश्न : आमचा चौघांचा बँड स्वतःची गाणी वाजवतो. कार्यक्रमासाठी अनेक ठिकाणी मेल केले, उत्तर एकाचंही नाही. काय चुकतंय?

उत्तर : त्या ठिकाणी बँडचं बुकिंग करणाऱ्याला पहिल्यांदा एकच हिशेब करायचा असतो : तिकीट काढून किती माणसं येतील? बहुतेक मेलमध्ये नेमकं तेच नसतं. बँडचा इतिहास दोन ओळींत आटपा. मागच्या कार्यक्रमाला किती तिकिटं खपली तो खरा आकडा द्या. फुगवलेला आकडा त्या रात्री दारावरच उघडा पडतो आणि पुन्हा बोलावणं येत नाही. सोयीच्या तीन तारखा लिहा, निदान दोन-तीन महिने पुढच्या. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या व्हिडिओची एकच लिंक द्या. जड फाइली जोडू नका, त्या कुणी उघडत नाही. आठवड्याने एकदा आठवण करा, बास.

होकार आला की पैशांचं लेखी ठरवा. ‘तिकिटांचे सत्तर टक्के’ ऐकायला छान, पण ते साउंडवाल्याचा खर्च वजा करून की आधी? वाद इथेच होतात. माइक, डीआय बॉक्स (गिटार-कीबोर्ड थेट साउंड सिस्टिमला जोडणारी डबी) आणि मॉनिटर (वादकांना स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर) यांची यादी मात्र होकार येईल त्याच दिवशी पाठवा.