वाचकांचे प्रश्न: आगीशी झुंजलेल्यांचं स्मारक

प्रश्न : लंडनला सेंट पॉल कॅथेड्रलजवळ अग्निशामकांचा ब्राँझचा पुतळा पाहिला. वरून बॉम्ब पडत असताना हे लोक नेमकं काय करत? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तो पुतळा शिल्पकार जॉन मिल्स यांचा, अनावरण १९९१ मध्ये झालं. दुसऱ्या महायुद्धात कामावर असताना प्राण गेलेल्यांची नावं त्यावर आहेत, स्त्रियांचीसुद्धा.

जर्मन विमानं साधारण १ किलोचे मॅग्नेशियमचे आगलावे बॉम्ब ढिगांनी टाकत. त्यावर बादलीभर पाणी ओतलं की जळता धातू उसळून अंगावर येई. म्हणून वाळू टाकायची, नाहीतर बादलीत उभ्या केलेल्या हातपंपाने बारीक फवारा मारायचा: एकजण दांडा मारणार, दुसरा नळी घेऊन पालथा सरकत पुढे जाणार.

खरी कोंडी पाण्याची होई. स्फोटक बॉम्बने जमिनीखालचे नळ फुटले की थेम्स नदीचाच आधार. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनवर मोठा हवाई हल्ला झाला, तेव्हा नेमकी ओहोटी होती. पाणी खाली गेलेलं आणि काठाला नुसता चिखल. सक्शन पाइपात पाणी चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने. त्यामुळे पंप कितीही ताकदीचा असो, ७-८ मीटरपलीकडे उचल मिळत नाही. पाइपाच्या तोंडाची जाळी पूर्ण बुडाली नाही तर हवा शिरते आणि धार तुटते. आपल्याकडे उन्हाळ्यात खोल विहिरीवर बंब लावणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

प्रश्न : १४ एप्रिलला अग्निशामकांना मानवंदना का देतात? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. हा शत्रूचा हल्ला नव्हता. जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र होती. दाबलेल्या गाठीत पाणी आतवर जात नाही, ती आतून धुमसत राहते. ६६ अग्निशामक त्यात गेले.

प्रश्न : आमचं मंडळ गावातल्या दिवंगत अग्निशामकांच्या नावांचा फलक लावणार आहे. तो टिकेल कसा? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पुतळ्यापेक्षा नावांवर खर्च करताय, हे फार चांगलं. ब्राँझच्या पत्र्यावर उठावाची अक्षरं घ्या. कोरून रंग भरलेली अक्षरं आपल्या पावसात सोलतात. २ मीटरवरून वाचता यावं म्हणून अक्षर किमान २० मिलिमीटर ठेवा. मराठी आणि कन्नड दोन्ही मजकुरांचा कागदी नमुना घरच्यांना दाखवून प्रत्येक नावावर सही घ्या. ओतकाम झाल्यावर वेलांटीसुद्धा बदलता येत नाही. लोखंडी स्क्रू वापरू नका. ब्राँझला चिकटलेलं ओलं लोखंड झपाट्याने गंजतं आणि दगडावर तांबडे ओघळ उतरतात. स्टेनलेसचे बोल्ट घ्या, आणि मागे ५ मिलिमीटर फट ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही.

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर अजिबात नको. त्याने वरचा संरक्षक थर जातो. बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण, मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, सुती कापड, आणि पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात. हे वर्षातून दोनदा करा: मृगाआधी आणि दिवाळीनंतर. नारळ मात्र फलकापासून दूर फोडा. त्याच्या पाण्यातल्या क्षारांनी ब्राँझवर फिकट हिरवे, भुकटीसारखे डाग धरतात, आणि ते आतला धातू खात जातात. असा डाग दिसला तर वरून मेण लावून झाकू नका. धातूचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.