ताडपत्रीखाली ओली गाडी

प्रश्न : आमची जुनी मारुती मोकळ्या अंगणात मातीवरच उभी असते. पावसाळ्याआधी निळी ताडपत्री घट्ट बांधली, तरी काचा ओल्या आणि सीटला बुरशी! पाणी येतं कुठून?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बहुतेक खालून. ओल्या मातीतली वाफ वर चढते, ताडपत्रीखाली कोंडते आणि रात्री पत्रा गार झाला की थेंब होऊन गाडीवरच बसते. नॉन-वोव्हन पॉलिप्रोपिलीनचं, म्हणजे न विणलेल्या प्लॅस्टिक-धाग्यांच्या कापडाचं, वाफ बाहेर सोडणारं कव्हर घ्या. दुकानदार सगळ्यालाच ‘ब्रीदेबल’ म्हणतो, म्हणून पारख आपणच करावी : वाफाळत्या चहाच्या कपावर कव्हरचं टोक ताणून धरा, वर स्टीलची गार ताटली. ताटलीला दव धरलं तर कापड खरं.

चंदेरी चकचकीत कव्हरच्या मोहात मात्र पडू नका, त्यातूनही वाफ सहसा बाहेर पडत नाही. धुळीच्या किंवा ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. उघडीप पडली की काढून दारं उघडी टाका. दारांच्या खालच्या कडेची भोकं चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. बुरशी कोरड्या ब्रशने झाडा, पण नाकाला रुमाल बांधून.

आणि हो, गाडी महिनोन्‌महिने उभीच राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो. पहिला गिअर टाका, चाकाला वीट लावा.