आमच्या पत्र्याच्या पन्हळीमुळे शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल येते. नेमकी दुरुस्ती काय करावी, आणि खर्च कोणाचा?

हातातली सिलिकॉनची नळी आधी खाली ठेवा. मी दोन पावसाळे तेच फासत बसलो होतो.

नाशिकला सिडकोत आमचं जोडघर आहे. वरच्या पत्र्याचं पाणी शेजाऱ्यांच्या बाजूच्या पन्हळीत पडतं, तुमच्यासारखंच. पलीकडच्या काकू दोनदा नीट बोलल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो, एकदा आत येऊन हात तर लावून बघा." त्यांच्या देवघराच्या भिंतीला हात लावला, तर बोटांना मिठासारखी पांढरी भुकटी. लोणा लागला होता.

मे महिन्यात शिडी लावून पन्हळीत डोकावलो. वाळलेल्या तळ्यासारखा भेगाळलेला गाळ, आणि तोही खाली उतरणाऱ्या पाइपाच्या अगदी विरुद्ध टोकाला. त्यात बोटभर पिंपळ. त्या टोकाचे, पन्हळ धरून ठेवणारे क्लॅम्प गंजून खाली बसले होते, म्हणजे उतारच उलटा झाला होता. तुम्हीही आधी गाळ कुठे साचलाय ते बघा, साफ करायची घाई करू नका.

मग बादलीने पाणी ओतून पाहिलं. भिंतीत मुरणारं पाणी आत लगेच दिसत नाही, म्हणून काकूंच्या मुलाला त्यांच्या गच्चीवर उभं केलं. तिसऱ्या बादलीला तो ओरडला, "काका, पाणी पन्हळीत कुठे पडतंय? मागे चाललंय!" पत्रा आखूड होता. त्याच्या कडेवरून पाणी खालच्या अंगाला वळायचं आणि पन्हळ चुकवून थेट भिंतीच्या माथ्यावर उतरायचं. ज्यांना मी सिलिकॉन फासत होतो, ते पन्हळीचे जोड बिचारे धडधाकट होते.

दुरुस्ती अशी केली: नवे क्लॅम्प दोन-दोन फुटांवर, दोरी आणि लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून दर दहा फुटांना साधारण एक इंच उतार. पत्र्याच्या कडेखाली वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवून तिचं टोक दोन इंच पन्हळीत सोडलं. खाली उतरणारा अडीच इंची पाइप काढून चार इंची टाकला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. तीनशे चौरस फुटांच्या पत्र्यावर तासाभरात चाळीस मिलिमीटर कोसळला तर अकराशे लिटर झाले. बारीक पाइपाच्या तोंडाशी चार पानं अडकली की सगळं काठावरून बाहेर. पाइपाचं खालचं तोंडही शेजाऱ्यांच्या पायापासून लांब न्या, नाहीतर वरची ओल खालून येईल.

खर्च तुमचाच. पन्हळ तुमची, पाणी तुमच्या छपराचं. 'पूर्वीपासून असंच पडतंय' हे कोणी शिकवलं तर ऐकू नका. १८८२ च्या इझमेंट कायद्यानुसार (दुसऱ्याच्या जागेवरच्या वाट-पाण्यासारख्या हक्कांचा कायदा) असा हक्क मिळायला निदान २० वर्षांची उघड, शांततेची, अखंड वहिवाट लागते. कागदावर लिहून घ्यायचं तर दुरुस्तीची तारीख आणि कोण काय करणार एवढं पुरे.

आतून वॉटरप्रूफ रंग मारायची घाई मात्र करू देऊ नका. ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी रंगासकट गिलावा सुटतो. पोपडे खरवडून, लोणा कोरड्या ब्रशने झाडून भिंत उघडी ठेवायची. गोदेला पूर आला की नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघतात, तसं मी काकूंच्या भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख घातली. भर श्रावणातही ओल रेघेच्या बाहेर गेली नाही, आणि दसऱ्यापर्यंत वीतभर आत सरकली. रंग दिवाळीनंतर दिला, तो माझ्या खर्चाने. रंग कोणता, ते काकूंनी ठरवलं.