फोर्डच्या जुन्या मॉडेल ए गाडीची हॉट रॉड (बदल करून बनवलेली गाडी) करतोय, तिला पुढे जुना फोर्ड एक्सल आणि आडवा पाटा (एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग) बसवतोय. पाटे किती काढू? पॅनहार्ड बार (फ्रेमला एक्सलवर बाजूला सरकू न देणारी आडवी दांडी) खरंच लागतो का?

पाट्यांचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याने तुमच्या गाडीचं वजन पाहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की फ्रेम १९२९ ची, ड्रॉप केलेला (गाडी खाली बसावी म्हणून वाकवलेला) फोर्डचा आय-बीम एक्सल, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन आणि शेव्हरले व्हेगा गाडीचा स्टिअरिंग बॉक्स. या यादीत व्हेगा बॉक्स असल्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा झाला आहे. "फोर्डने मॉडेल ए ला पॅनहार्ड बार दिला नव्हता, मग आपल्याला कशाला?" हा सल्ला तुम्हाला मिळालाय. हॉट रॉडवाल्यांमध्ये तो वर्षानुवर्षं फिरतोय आणि तुमच्या गाडीसाठी तो साफ चूक आहे.

मूळ मॉडेल ए मध्ये ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाला वळवणारी दांडी) डाव्या बाजूनेच मागून पुढे जाते. स्टिअरिंगचा जोर गाडीच्या लांबीच्या दिशेने लागतो आणि तो विशबोन (एक्सलला मागे धरून ठेवणारी V आकाराची दांडी) पेलतं. व्हेगा बॉक्स लावला की ड्रॅग लिंक आडवी होते, डाव्या फ्रेमकडून उजव्या चाकाच्या आर्मपर्यंत. आता जोर बाजूला लागतो, आणि त्या दिशेने फ्रेमला धरून ठेवणारं दोन शॅकलशिवाय (पाट्याची टोकं एक्सलला जोडणाऱ्या कड्यांशिवाय) काहीच नाही. शॅकलचं कामच झुलायचं. मग चाक वळण्याआधी फ्रेम एक्सलवर बाजूला सरकते.

आमच्या गॅरेजमध्ये अशीच एक रोडस्टर आली होती. तक्रार एकच: स्टिअरिंग सैल आहे, हायवेवर गाडी भरकटते. मालकाने बॉक्स बदलला होता, टाय रॉडचे एंड नवे घातले होते, किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या पिनचे) बुश रीम करून घेतले होते. आधीच्या गॅरेजने टोही (पुढची चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) दोनदा जुळवला होता. यातलं एकही काम वाईट झालेलं नव्हतं आणि एकाचाही उपयोग झाला नव्हता. गाडी चाकांवरच उभी ठेवली, एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि समोर बसून शॅकलकडे पाहिलं. चाकं जागची हलत नव्हती; आधी अख्खी फ्रेम डुलत होती, शॅकल झुकून टेकले की मगच चाक वळायचं. मालक जो "प्ले" बॉक्समध्ये शोधत होता तो पाट्याच्या दोन टोकांना होता. बार बसवला आणि त्याच बॉक्सवर, त्याच टायरांवर गाडी सरळ धावायला लागली. ही तपासणी फुकट आहे. नवा बॉक्स घेण्याआधी करा.

बार बसवताना तीन गोष्टी पाळा. बॉक्स फ्रेमच्या डाव्या बाजूला आहे, तर बारचं फ्रेमकडचं टोकही डावीकडेच आणि एक्सलकडचं उजवीकडे. बार ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्य तितका तिच्याच लांबीचा हवा, म्हणजे खड्ड्यात दोघांची टोकं एकाच कमानीत फिरतात. हे जुळलं नाही की प्रत्येक उंचवट्यावर गाडी स्वतःच वळते. मग लोक बारला शिव्या देतात, खरं तर चूक मापाची असते. आणि गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना तो जमिनीला आडवा असावा. आखूड बार नको. एक्सलकडचा ब्रॅकेट पर्चच्या (एक्सलवर शॅकल धरणाऱ्या तुकड्याच्या) किंवा विशबोनच्या बोल्टवर घ्या. फोर्ज्ड एक्सलला वेल्डिंग करू नका, उष्णतेने कडक झालेल्या कडेपासून चीर सुरू होते. बार दिसायला नको असेल तर एक्सलच्या मागे बसवा, समोरून कळतही नाही. एका बाजूचा शॅकल जखडणारी डेड पर्च हाही मार्ग आहे, पण मला बारच पटतो.

आता पाटे. इंजिन, रेडिएटर, बॉडी सगळं चढवून गाडी जमिनीवर उभी करा आणि शॅकलचा कोन बघा: ४५ अंशांच्या आसपास हवा. शॅकल उभे झाले तर गाडी डुलते. आडवे पडले तर पाटा ताणलेला राहतो आणि धक्के थेट बॉडीत येतात. कमी करायचं असेल तर एकाआड एक आखूड पाटा काढा, दर वेळी एकच, आणि पुन्हा कोन मोजा. मेन पाटा (सर्वांत लांब, शॅकलला जोडलेला) आणि त्याला लागून असलेला दुसरा पाटा यांना हात लावायचा नाही. फक्त गाडी खाली आणायची असेल तर पाटे कशाला काढता? उलट्या डोळ्याचा (टोकाची गोल कडी उलट्या बाजूला वळवलेला) मेन पाटा घ्या, साधारण १ ते दीड इंच तिथेच मिळतो. पाट्यांची टोकं घासून गोल करा, मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या टाका. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) सोडण्याआधी दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा. यू-बोल्ट शेवटचे आवळा ते वजन चढल्यावर, आणि थोडी गाडी चालवून पुन्हा. सेंटर बोल्ट तुटला तर बहुतेक वेळा यू-बोल्ट सैल होते, कारण बोल्ट फक्त जागा दाखवतो, भार पकडीवर असतो.

विशबोन फाडून दोन बाजूंना न्यायचं ठरवलंत तर आय-बीमला चालतं, कारण एक बाजू खड्ड्यात गेली की तो थोडा पिळवटतो. नळीच्या एक्सलला चालत नाही. तो पिळवटत नाही, मग ब्रॅकेट तुटतात. त्याला फोर-बार (दोन्ही बाजूंना दोन-दोन दांड्या) लावा.

हे सगळं आडव्या ड्रॅग लिंकबद्दल आहे. मूळ पद्धतीची, मागून पुढे जाणारी लिंक ठेवली असती तर मी बारचा आग्रह धरला नसता. आणि भारतात हे करायचा विचार असेल तर थांबा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याविषयीचं) आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल अशा बदलांच्या आड येतो. २०२१ च्या नियमांतली व्हिंटेज नोंदणीही ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठीच आहे.

कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकण्याचा कोन, ६ ते ७ अंश ठेवा. एक्सल मागे झुकवलात की पर्चही झुकतात, म्हणून क्रॉसमेंबरमधली (फ्रेमच्या आडव्या पट्टीतली) पाट्याची बैठकही तितकीच झुकलेली हवी, नाहीतर पाटा पिळतो आणि शॅकल अडकतात. टो-इन पाव इंचाच्या निम्मा, म्हणजे १/८, पुरतो. चाकं थरथरली तर लगेच स्टिअरिंगचा डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक) चढवू नका. आधी किंगपिनचा प्ले आणि टायरचं बॅलन्सिंग बघा.