इएफ 35 की 41? लहानग्यांच्या इकोबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी 4 वर्षांची आहे, वजन 15 किलो. मार्चमधे तिला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी निघाली, हार्ट मोठं झालंय आणि पंपिंग कमी आहे म्हणाले. मागच्या महिन्यात एका ठिकाणी टूडी इको केला तर इएफ (कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर जातं तो आकडा) 35 आलं, तेव्हा ती खूप रडत होती. आठ दिवसांनी दुसरीकडे केला तर 41. खरं कुठलं मानायचं? सुधारणा असेल तर औषधं कमी करता येतील का? रात्ररात्र झोप लागत नाही मला.
– एक आई, धायरी

उत्तर : ताई, औषधाचं आधी सांगते, स्वतःहून एकही डोस कमी करू नका, आकडा 41 येवो नाहीतर 50.

आता आकड्याचं. आठ दिवसांत 35 चं 41 झालं याला मी सुधारणा म्हणणार नाही, आणि उलटं झालं असतं तरी लगेच घाबरले नसते. इएफ हा थर्मामीटरसारखा आपोआप दिसणारा आकडा नाहीये. इको करणारा माणूस स्क्रीनवर डाव्या कप्प्याची आतली कड आखतो, एकदा कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि एकदा आकसलेला असताना, मग मशीन त्यावरून हिशोब करतं. कड जरा आत-बाहेर झाली की आकडा हलतो, दोन अनुभवी माणसांच्या मोजणीतही पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यात पिल्लू रडत असेल तर ठोके वाढलेले, बीपी वाढलेलं, छाती हलतेय, चित्र धड स्थिर नाही.

एक साधा हिशोब करून बघा, आकडे फक्त समजायला घेतलेत. चांगल्या हार्टच्या कप्प्यात 40 मिली रक्त भरलं आणि 24 मिली बाहेर गेलं तर इएफ 60 टक्के. आजारी, फुगलेल्या कप्प्यात 70 मिली भरलं आणि तेवढंच 24 मिली बाहेर गेलं तर इएफ होतं साधारण 34. म्हणजे बाहेर जाणारं रक्त तेवढंच! कमजोर स्नायूनी काम भागवायला कप्पा मोठा करून घेतला, म्हणून तर इएफ इतकं कमी असूनही काही मुलं घरभर पळत असतात आणि आजी म्हणते हिला काय झालंय, चांगली तर आहे. म्हणून नुसतं इएफ बघू नका, कप्पा किती मोठा आहे तेही बघा.

रिपोर्टमधे त्यासाठी झेड स्कोअर लिहिलेला असतो. मूल वाढतं तसं हार्टही वाढतं, त्यामुळे नुसते मिलिमीटर बघून काही कळत नाही. त्या उंची-वजनाच्या निरोगी मुलांच्या सरासरीला 0 धरतात, +2 च्या वर गेलं की कप्पा मोठा. समजा आज कप्पा 44 मिमी आहे आणि वर्षभराने पण 44 च आला, आईबापांचा चेहरा पडतो, पण तेवढ्या काळात मुलीचं वजन तीन किलो वाढलं असेल तर झेड खाली आलेला असतो आणि ती चांगली बातमी असते. म्हणूनच त्या दिवशीचं वजन-उंची चप्पल काढून तिथेच मोजायला सांगा, अंदाजाने सांगितलेल्या वजनावर झेड स्कोअर चुकतो.

यापुढे शक्यतो एकाच सेंटरला, लहान मुलांचा इको नेहमी करणाऱ्या डॉक्टरकडेच करा. दुपारी झोपेच्या वेळची अपॉइंटमेंट घ्या, जेल कोमट करून लावायला सांगा, मोबाईलवर तिचं कार्टून लावा. ताप असेल तर विचारून तारीख पुढे ढकला. आधीच्या इकोच्या क्लिप पेनड्राईव्हवर घेऊन जा, कागदावरच्या आकड्यांपेक्षा दोन क्लिप शेजारी-शेजारी लावून बघितल्या की खरं काय ते कळतं. आणि डाव्या कोरोनरीची, म्हणजे हार्टच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीची, सुरुवात कुठून होते ते नीट दिसलंय का, हे एकदा आवर्जून विचारा, कारण काही मुलांत ती चुकीच्या जागेवरून निघते, हार्ट तसंच फुगलेलं दिसतं आणि तो आजार ऑपरेशनने सुधारतो.

घरी लक्ष ठेवायचं ते पोटावर. लहान मुलांत हार्ट फेल व्हायला लागलं की पोट दुखतं, उलट्या होतात, जेवण कमी होतं, आणि ॲसिडिटी म्हणून दोन-दोन आठवडे जातात. असं काही दिसलं, धाप लागली किंवा चक्कर आली तर इकोच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : बाळाचा 5 महिन्यांत चौथा इको आहे. इतकं रेडिएशन चालतं का?
– हडपसर

उत्तर : इकोत रेडिएशन अजिबात नसतं, नुसत्या आवाजाच्या लहरी असतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. 1953 साली स्वीडनमधे एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र वापरून पहिल्यांदा हार्टची हालचाल टिपली, तिथून हे सुरू झालं. बाळाचं हार्ट फुगलेलं असेल तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासलंय ना ते मात्र बघा. त्याच्या कमतरतेनेही तान्ह्या बाळांचं पंपिंग कमी होतं आणि वेळेवर उपचार मिळाले तर भरून येतं.

प्रश्न : नातू 11 वर्षांचा, दर रविवारी माझ्याबरोबर सिंहगड चढायचा. आता हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी सांगितलीय आणि गड, फुटबॉल सगळं बंद. पण रिपोर्टमधे इएफ 72 आहे! मग हार्ट कमजोर कसं?
– आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, या आजारात स्नायू जाड होतो आणि कप्पा लहान होतो. पिळला चांगला जातो म्हणून इएफ जास्तच येतं, अडचण आहे ती सैल पडण्यात. स्नायू ताठ असला की रक्त आत नीट भरत नाही, ते इएफमधे दिसत नाही, डॉपलरमधे, म्हणजे इकोतच रक्ताचा वेग मोजतात त्यात, दिसतं. शिवाय जाड स्नायू रक्त बाहेर जायची वाट अडवतो का ते बघतात, रिपोर्टमधे ग्रेडियंट, म्हणजे अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक, लिहिलेलं असेल, 30 किंवा वर असेल तर अडथळा आहे असं धरतात, आणि तो आकडा झोपून वेगळा, जोर लावल्यावर वेगळा येतो. मोठी भीती ठोके एकदम बिघडण्याची असते, गडावर भर चढणीत ते झालं तर मदत मिळेपर्यंत उशीर होतो. हलकं चालणं-फिरणं सरसकट बंद नसतं, किती चालेल ते होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) आणि बाकी तपासण्या बघून त्याच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि हा आजार बहुतेक वेळा घराण्यातून येतो. नातवाच्या आईबाबांचा आणि भावंडांचा इको झालाय का? भावंडांचा पहिला नॉर्मल आला तरी दर एक-दोन वर्षांनी परत करावा लागतो, जाडी वाढत्या वयात दिसायला लागते. आईबाबांपैकी कुणात निघालं तर त्यांच्या बाजूच्या सगळ्यांचा करायचा, आणि ती बाजू तुमची असेल तर तुमचाही.